अडीच वर्षांचा वाद आणि गव्हाची लोंबी

माणूस निर्माण झाला हे बरं झालं, की नसता झाला तर बरं होतं? या प्रश्नावर हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या शिष्यपरंपरा अडीच वर्षं भांडल्या, असं तालमूद या यहुदी धर्मग्रंथात आहे. शेवटी मतं मोजली. निकाल लागला: नसता झाला तर बरं होतं, पण आता झालाच आहे, तर त्याने आपली कर्मं तपासत राहावं. धर्मग्रंथात असला निकाल जपून ठेवायला छाती लागते. आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या घरात दोन माणसांची तीन मतं असतात, त्याचं खापर मी याच वादावर फोडते.

जग कशासाठी, याचं एकच ठरलेलं उत्तर यहुदी धर्मात नाहीच. दहाव्या शतकात सादिया गाओन म्हणाले, माणसासाठी. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणारे मायमोनिदेस म्हणाले, सगळं काही आपल्यासाठीच आहे हा भ्रम सोडा; ईश्वराची इच्छा, यापुढे 'का' विचारण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकात गालीलमधल्या सफेद गावी इसहाक लुरिया शिकवत की दिव्य प्रकाश न पेलून पात्रं फुटली, ठिणग्या विखुरल्या आणि त्या वर उचलणं हे माणसाचं काम. मला मायमोनिदेस पटतात. लुरियांची कथा देखणी आहे, पण माझ्या स्वभावाला जरा भारी पडते.

इटलीतल्या पादुआचे मोशे हायिम लुझ्झात्तो (1707–1746) यांचं म्हणणं मात्र विसरता येत नाही. चांगल्याला देण्याची ओढ असते, म्हणून ईश्वराने घेणारा निर्माण केला. पण फुकटचं खाताना मान खाली जाते. म्हणून माणसाला ते कमावण्याची संधी दिली.

काय कमावायचं, ते यहुदी धर्मगुरू रब्बी अकीवांच्या गोष्टीत दिसतं. रोमन सुभेदार तुर्नस रुफसने त्यांना विचारलं, कोणाची कृती सरस, ईश्वराची की माणसाची? अकीवा म्हणाले, माणसाची. रोमनाचा रोख यहुद्यांच्या सुंतेवर होता: ईश्वराला हवी होती, तर मूल तसंच का जन्मत नाही? अकीवांनी धान्याच्या लोंब्या आणि भाजलेल्या पोळ्या समोर ठेवल्या. लोंबी ईश्वराची, पोळी माणसाची. खाणार काय?

जग मुद्दाम अर्धं सोडलंय, हे त्यातून निघतं. गंमत पुढेच आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी वर्ज्य असलेल्या 39 कामांची यादी मिश्ना या जुन्या धर्मसंहितेत आहे. तिची सुरुवात पेरणी, नांगरणी, कापणीने होते; पेंढ्या बांधणं, मळणी, पाखडणं, निवडणं, दळणं, चाळणं, कणीक मळणं, भाजणं. म्हणजे लोंबीची पोळी करणारीच कामं! सहा दिवस सृष्टी पुढे न्या, सातव्या दिवशी हात आवरा. कोकणातल्या आमच्या पूर्वजांपर्यंत ही यादी पोचली नसावी, पण शनिवार पोचला होता. त्यांचा तेलाचा घाणा त्या दिवशी बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं, शनिवार तेली.

आमच्या मालिद्याच्या, म्हणजे ईश्वराचे आभार मानण्याच्या विधीच्या ताटातही ईश्वराचं काय नि माणसाचं काय, हाच हिशेब आहे. गोड पोहे, खोबरं, फळं; खाण्याआधी प्रत्येक प्रकारासाठी बेराखा, म्हणजे ईश्वराच्या स्तुतीचं छोटं वचन. तालमूद म्हणतो, बेराखा म्हणेपर्यंत सगळं ईश्वराचं, म्हटल्यावर माणसाचं. आपण मालक नव्हे, कूळ. त्यातही झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीच्या पिकाची वेगळी. केळं जमिनीत मोडतं, कारण केळ घड देऊन मरते. पोरं दरवेळी हुज्जत घालतात, केळीला झाड का म्हणायचं नाही म्हणून.