काचेपलीकडची नृत्यशाला

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे, डिस्नेलँडच्या आवारात, ९ ऑगस्ट १९६९ रोजी लोकांस खुला झालेला ‘हाँटेड मॅन्शन’ हा भुताटकीचा वाडा भीतीपेक्षा प्रकाशशास्त्राचे स्मारक म्हणून अधिक आदरास पात्र आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्याच्या नृत्यशालेत सरकत्या आसनावरून, सज्जातून पाहावे तसे, प्रेक्षक खाली पाहतो, तेव्हा मेजवानीच्या टेबलापलीकडे आरपार दिसणारी जोडपी गिरक्या घेत असतात. वस्तुतः त्याच्यासमोर एक प्रचंड काच उभी असते. खरे पुतळे सज्जाच्या वर आणि खाली, त्याच्या दृष्टीआड, काळोखात फिरत असतात. आणि त्यांवर प्रकाश पडताच, पुतळा काचेच्या जितका अलीकडे तितकेच त्याचे प्रतिबिंब पलीकडे, या अढळ नियमानुसार, ती आकृती दालनातील फरशीवर अवतरते. मागचे सामानही त्याच काचेतून दिसत असल्यामुळे तिला पारदर्शकता येते, आणि दिवा मालवताच ती अंतर्धान पावते.

ही युक्ती लंडनची. हेन्री डर्क्स या अभियंत्याची मूळ योजना अमलात आणायची, तर नाट्यगृहच नव्याने बांधावे लागले असते. रॉयल पॉलिटेक्निकच्या जॉन हेन्री पेपर यांनी काच तिरकी ठेवून ती चालू रंगभूमीस सोयीची केली, आणि १८६२च्या नाताळच्या पूर्वसंध्येस डिकन्सच्या कथेवरील प्रयोगात भूत उभे केले. तेव्हापासून नाव पेपर यांचेच राहिले. डर्क्स यांच्यावर हा अन्यायच झाला.

डिस्नेच्या पदरी असलेल्या येल ग्रेसी आणि रॉली क्रम्प यांनी या विद्येबरोबर दुसरीही एक साधली. प्रेक्षकाकडे मान वळवून पाहणारे तेथील अर्धपुतळे मुळी पुतळे नव्हेतच. ते मागून उजळलेले, आत वळलेले पोकळ साचे आहेत. चेहरा नेहमी उंचवट्याचा असतो, ही मनाची धारणा इतकी पक्की, की ते खळग्यालाच नाक मानते, आणि आपण सरकलो की तो चेहराच आपल्यामागे वळतो असे त्यास वाटते. पहिल्या करामतीत काच काम करते, दुसरीत पाहणाराच. म्हणून दुसरी मला अधिक गहन वाटते.

नृत्यशालेतील एक बारकावा मात्र जाणत्याच्याच लक्षात येतो. प्रतिबिंबात उजव्याचे डावे होते, त्यामुळे तेथील जोडप्यांत पुरुषांऐवजी स्त्रियाच नृत्याचे नेतृत्व करताना दिसतात.