फोटो काढा, पण दुरून!

हल्ली आपणा बायकांच्या सहली अष्टविनायक आणि काश्मीर एवढ्यावर थांबत नाहीत. बायकांचे गट आता केनिया-टांझानियालाही जाऊन येतात आणि परतल्यावर चहा-चिवड्याबरोबर फोटो दाखवण्याचा कार्यक्रम होतो. कान पसरून उभा राहिलेला हत्ती, आ वासलेला पाणघोडा, नदीकाठी जबडा उघडून पडलेली मगर! आपण ‘अगं बाई!’ म्हणतो आणि मनातल्या मनात पुढच्या वर्षीच्या खर्चाचा हिशेब मांडतो.

पण मैत्रिणींनो, ते फोटो पुन्हा एकदा नीट पाहा. हत्ती कान पसरून समोर उभा राहतो तेव्हा तो बहुधा ‘आता पुढे येऊ नका’ असे बजावत असतो. पाणघोड्याची ती भली मोठी ‘जांभई’ म्हणजे पुष्कळदा धमकीच असते. मगरीचे मात्र उलट आहे. ती जबडा उघडून पडते ती अंगातली उष्णता कमी करण्यासाठी, आणि त्या वेळी बहुतेक निवांत असते. म्हणजे आपण ज्याला झकास फोटो म्हणतो तो कधी सुखी जनावराचा असतो, तर कधी त्रासलेल्या जनावराचा. हा फरक ओळखता आला तर निम्मी फोटोग्राफी जमली म्हणून समजा!

सफर आपल्याही दारात

‘सफारी’ हा शब्द आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. अर्थ प्रवास. मूळ अरबी, आपल्या ‘सफर’ शब्दाचे आणि त्याचे कूळ एकच. तेव्हा सफारीसाठी विमानच पकडले पाहिजे असे नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात हिंगणीपलीकडे बोरचे जंगल आहे. वर्ध्याहून गाडीने तासाभराची वाट. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. टांझानियाचे सेरेनगेटी चौदा हजारांच्या वर आहे, त्यापुढे आपले बोर म्हणजे माजघरच. पण या माजघरात वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर, चितळ, रानडुक्कर, रानकुत्री आणि नीलगाय, म्हणजे आपली रोही, सगळी मंडळी नांदतात. शिवाय घोरपड, अजगर, नाग आहेतच.

दोन्हीकडच्या फोटोंत एक मोठा फरक आहे. तिकडे उघडे गवताळ माळ, जनावर दुरूनच दिसते. इकडे साग, तेंदू आणि बांबूचे रान. वाघ वीस पावलांवर असला तरी पानाआड दिसत नाही. म्हणून आपल्याकडे डोळ्यांआधी कान लागतात. वानर झाडावरून खाकरल्यासारखे ओरडले, चितळ भेकले, की गाडीचे इंजिन बंद करायला सांगावे आणि गप्प बसावे. वानर आणि चितळ यांचा शेजारधर्म पाहण्यासारखा असतो. वानर वरून पाला-फळे टाकतात, चितळ खाली ती खातात. वानराची नजर लांबची आणि चितळाचे नाक तिखट, त्यामुळे धोका आला की दोघेही सावध होतात. हा फोटो वाघाच्या फोटोपेक्षा कमी नाही, आणि तो जवळजवळ हमखास मिळतो.

उन्हाळ्यात सागाची पाने झडतात आणि जनावरे पाणवठ्यावर येतात, म्हणून एप्रिल-मे हे फोटोचे दिवस. मात्र आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. लहान मुले किंवा वयस्कर सासूबाई बरोबर असतील तर डिसेंबर-जानेवारी बरा. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते.

उमरेडला काय झाले

आता थोडे कडू बोलते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, आपल्या शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपले पाच बछडे घेऊन रस्त्यावर आली. पर्यटकांच्या गाड्यांनी पुढून आणि मागून वाट अडवली. मध्ये आई आणि पोरे, दोन्हीकडे कॅमेरे. ती चित्रफीत सगळीकडे पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. चालक आणि गाइड यांना निलंबित केले, दंड झाला.

पाच लेकरांची आई कोंडीत सापडली, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट लक्षात घ्या. चालक-गाइड मंडळी बहुतेक आसपासच्या गावांतली. त्यांची चूल या गाड्यांवर पेटते. ‘अजून जवळ घ्या ना, अजून थोडी!’ हा आग्रह मागच्या सीटवरून होतो, बक्षिशीची नोट मागच्या सीटवरून पुढे येते, आणि काम जाते ते पुढच्या सीटवरच्याचे. आग्रह करणारा फोटो घेऊन घरी जातो.

म्हणून गेटवर गाडीत बसतानाच सांगून टाका, “भाऊ, वाघ नाही दिसला तरी चालेल, पण गाडी कुणाच्या वाटेत उभी करू नका. बक्षीस तेवढंच मिळेल.” एवढ्या एका वाक्याने चालकाच्या डोक्यावरचे ओझे उतरते. तो मग मोरांचा नाच दाखवतो, अस्वलाने उकरलेले वारूळ दाखवतो, झाडावरच्या वाघाच्या नखांच्या खुणा दाखवतो.

जंगलाला लागून राहणाऱ्या बायकांचाही विचार मनात असू द्या. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला त्यांना रानात जावेच लागते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या घटनेला पर्यटक कारण झाले, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की माणूस आणि वाघ यांच्यामधले अंतर हा त्या बायकांच्या जिवाचा प्रश्न आहे. रोज गाड्या अंगावर घेऊन ज्या जनावराची माणसाविषयीची भीड चेपली, त्याच्या शेजारी राहायचे असते ते त्यांना. आपण संध्याकाळी घरी येतो.

सरपटणाऱ्यांचे फोटो

वाघ दिसेल न दिसेल, पण सरडा, घोरपड आणि साप यांच्यासाठी जंगलातही जावे लागत नाही. शाळेत मुलांना नाग काढायला सांगितला की वहीवर फणा काढलेलाच नाग येतो. कॅमेरा घेतलेल्या मोठ्या माणसांनाही तोच हवा असतो. पण नाग फणा काढतो तो घाबरला म्हणून. एरवी तो दोरीसारखा सरळ आपल्या वाटेने जातो. कुणीतरी काठीने डिवचायचे आणि दुसऱ्याने फोटो काढायचा, हा प्रकार आपल्या अंगणात होऊ देऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतल्या, दात काढलेल्या नागाचाही फोटो नको आणि त्यासाठी पैसेही नकोत.

सापाला पापण्या नसतात. कात टाकण्याआधी त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात आणि त्याला नीट दिसत नाही. अशा वेळी तो चटकन चिडतो. डोळे असे दिसले की कॅमेरा खाली ठेवावा.

आणखी एक धोक्याची गोष्ट. घोणस आणि अजगराचे पिल्लू यांत भले भले फसतात. जाडसर अंग, त्यावर तपकिरी ठिपके, ‘अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही’ म्हणत लोक जवळ जातात, आणि असते ती घोणस! ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. ओळख पटो न पटो, कोणत्याही सापापासून निदान दहा-बारा फूट लांब राहा. चुकून दंश झालाच तर मांत्रिक नको, कापणे-चोखणे नको, थेट दवाखाना गाठा. इलाज एकच, तो म्हणजे प्रतिविष.

घोरपड आणि सरडे यांचा फोटो मात्र सकाळी घ्यावा. त्यांचे रक्त आपल्यासारखे आपोआप गरम राहत नाही, म्हणून कोवळ्या उन्हात दगडावर पडून ती अंग तापवतात. आपण धसमुसळेपणाने जवळ गेलो की घोरपड बिळात शिरते आणि तिचे तापणे अर्धवट राहते. थंड अंगाने तिला ना भक्ष्य पकडता येते, ना पळता येते. तेव्हा लांबच खाली बसा, दहा मिनिटे हलू नका. ती विसरली की काढा.

काही घरगुती युक्त्या

कॅमेरा हलू नये म्हणून घरीच उशी करा. जुन्या जीन पँटचा पाय कापून एक तोंड शिवा, दुसऱ्याला चेन लावा. आत कापडी पिशवीत दीड-दोन किलो राजमा भरा. जिप्सीच्या दांड्यावर ही उशी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की हात थरथरत नाही. घरी आल्यावर राजमा परत डब्यात! परदेशी जाताना उशी रिकामी न्या, धान्य तिथे भरा.

लांब पल्ल्याची, ३०० किंवा ४०० मि.मी.ची लेन्स मोठ्या शहरात भाड्यानेही मिळते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास असू द्या. ऊन आपल्या पाठीशी, आणि फोकस जनावराच्या डोळ्यावर. फ्लॅश घरीच ठेवा.

भिंग कधीही पदराने पुसू नका. पदरावरची धूळ काचेवर चरे पाडते. आधी मऊ कुंचल्याने झटकून मग भिंगाच्या कापडाने पुसा. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा चामड्याच्या पेटीतून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळाच्या डब्यात मात्र नको, तांदळाची पूड आत जाते.

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, अत्तर-गजरा नको. पाण्याची बाटली स्टीलची. केनियाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा सामान बांधतानाच कापडी पिशव्या काढा.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या पर्यटन भागात मोबाइल वापरायला मनाई केली. त्यामुळे फोनवर भिस्त ठेवू नका, साधा का होईना, कॅमेरा जवळ असू द्या. आणि जिथे फोनने फोटो काढता येतो, तिथे तो चारजणांना पाठवण्याआधी फोनमधली जागेची नोंद बंद करा. वाघीण कुठे व्यायली आहे, ही बातमी शिकाऱ्याच्या हाती आपल्यामार्फत जायला नको.

वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे सारखे नसतात आणि एकाच वाघाच्या उजव्या-डाव्या कुशीचेही वेगळे असतात. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांतून काढलेल्या अशा फोटोंवरूनच आज देशातल्या वाघांची मोजदाद होते. कोणीही मागे न लागता, वाघ आपल्या वाटेने जाता जाता निघालेले ते फोटो! आपल्याही फोटोत चितळ चरताना, सांबर पाणी पिताना, घोरपड ऊन खाताना दिसू दे. अल्बम दाखवताना कोणी विचारले, ‘वाघ नाही का दिसला?’ तर खुशाल सांगा, ‘त्याला आम्ही दिसलो असू, आणि तो आपल्या कामाला गेला.’