300 मेसेजमधले 15

एका सत्रात विद्यार्थी 300, चर्चामंचावरचे मेसेज सुमारे 10,000. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोयल यांच्या ऑनलाइन वर्गाचा हा 2016 चा हिशेब. एका मेसेजला अर्धा मिनिट धरलं, तरी नुसत्या वाचनाला 83 तास लागतात. गोयल यांनी आधीचे सुमारे 40,000 मेसेज संगणकाला शिकवले आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे सोपवली. अट अशी की 97 टक्के खात्री असेल तरच उत्तर द्यायचं.

आपल्याकडे अशी चर्चा चालते ती व्हॉट्सअ‍ॅपवर. 'असर' या शालेय शिक्षणाच्या अहवालाच्या 2020 च्या ग्रामीण पाहणीत अभ्याससाहित्य मिळालेल्या मुलांपैकी सरकारी शाळांतल्या 67.3 टक्के आणि खासगी शाळांतल्या 87.2 टक्के मुलांना ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. घरात स्मार्टफोन असलेली मुलं देशाच्या ग्रामीण भागात 2018 मध्ये 36.5 टक्के होती, 2020 मध्ये 61.8 आणि 2021 मध्ये 67.6. म्हणजे दोन वर्षांत 25.3 अंकांची वाढ, आणि पुढच्या एका वर्षात 5.8.

ग्रुपवरचे मेसेज चाळून 'या मुलाला कळलेलं नाही' एवढं शिक्षकाला दाखवणं, हे मजकूर-विश्लेषणाचं काम. इंग्रजीत त्यासाठी लागणारा माल तयार आहे. स्टॅनफर्डच्या संचात 29,604 मेसेज आहेत आणि प्रत्येकावर गोंधळ किती, निकड किती याची नोंद आहे. मराठीत पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने 2021 मध्ये भावना ओळखण्यासाठी सुमारे 16,000 ट्वीटचा संच केला. त्यावर चांगल्या मॉडेलची अचूकता 84 टक्क्यांच्या आसपास गेली. काम मोलाचं आहे, पण ती ट्वीट महाराष्ट्रातल्या नामवंतांची. नववीतल्या मुलाची भाषा त्यात सापडणार नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांचं उदाहरण घेऊ. 2011 च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या 4,29,600 आणि इंदापूरची 3,83,183; मिळून 8.13 लाख. इथलं मूल 'मला समजले नाही' असं क्वचितच लिहितं. ते लिहितं 'कळंना', 'येईना', 'समजलं न्हाय'. पहिल्या दोन शब्दांत नकार क्रियापदाच्या पोटातच आहे. 'नाही' शोधणाऱ्या यंत्राला तो दिसणार नाही. त्यात बरेच मेसेज रोमन लिपीत, आणि 'समजलं'चं रोमन स्पेलिंग ज्याचं त्याचं. 'एल-थ्री-क्यूब' गटानेच 2023 मध्ये मराठी-इंग्रजी सरमिसळीची 1 कोटी वाक्यं गोळा केली, हे त्या दिशेचं पाऊल. पण तीही समाजमाध्यमांवरची, वर्गातली नव्हेत.

ट्वीटवरच्या त्या 84 टक्के अचूकतेचा वर्गात अर्थ काय? समजा, आठवड्यात 300 मेसेज आले आणि त्यातल्या 15 मध्ये खरी अडचण आहे. अचूकता दोन्ही बाजूंनी 84 टक्के धरली, तर यंत्र 15 पैकी 13 पकडेल आणि उरलेल्या 285 मधले 46 उगाच पुढे करेल. शिक्षकाला 300 ऐवजी 59 मेसेज वाचायचे. वाचन एक पंचमांशावर आलं, हा फायदा खरा आहे. निसटलेले 2, ही त्याची किंमत. म्हणून यंत्राची यादी वाचनाचा क्रम ठरवायला वापरावी, गुण द्यायला नाही.

आणखी एक आकडा या सगळ्या गणिताच्या बाहेर राहतो. 2021 मध्ये घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी 26.1 टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. घरात फोन 67.6 टक्के मुलांच्या, पण हातात जेमतेम 50 टक्के मुलांच्या. जे मूल लिहीतच नाही, त्याचं विश्लेषण कोणतंही मॉडेल करू शकत नाही. 'ओके सर' लिहून अंगठा पाठवणारंही जवळपास त्याच रांगेत.

बारामतीत 2024 मध्ये कृषी विकास ट्रस्टने 1,000 शेतकऱ्यांच्या उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला सुरुवात केली. वर्गासाठी पहिली पायरी त्याहून सोपी आहे. हजेरीपटाशेजारी एक रकाना आखा: या आठवड्यात कोणी किती मेसेज लिहिले. ज्यांच्यापुढे शून्य येईल, त्यांच्या घरी आधी फोन करा.