तारांची गोष्ट (लेखांक ७) : बाजार उठल्यावर निघालेली तबकडी

मागच्या लेखांकात बेंजो झाला. आज इलेक्ट्रिक गिटार, आणि तीही मुंबईची. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ हे नाव आपल्या गारगोटीत कुणी ऐकले असण्याची शक्यता कमीच. मुंबईतही ते आता थोड्यांनाच आठवते. पण या बँडमध्ये काही काळ गायलेला एक आवाज आपल्यापर्यंत नक्की पोचला आहे. ‘डिस्को डान्सर’मधले कृष्णाला साद घालणारे गाणे आठवा. ते गायले होते नंदू भेंडे यांनी, म्हणजे नाट्यकर्मी आत्माराम भेंड्यांच्या चिरंजीवांनी.

बँड उभा केला कीथ कांगा यांनी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. १९७४ साली अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मंचावर आणले, तेव्हा ज्यूडास झाले नंदू भेंडे आणि येशू झाले मधुकर चंद्र धास. दोघेही या बँडमध्ये गायलेले! मुंबईच्या रॉकचा हा ऐन बहराचा काळ. सिगारेट कंपनीच्या पैशावर ‘सिमला बीट’ स्पर्धा होऊन गेल्या होत्या, त्यांच्या तबकड्याही निघाल्या होत्या.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची स्वतःची तबकडी मात्र तेव्हा निघाली नाही. कंपन्यांचा धंदा चित्रपटगीतांवर चालायचा. इंग्रजी गाणाऱ्या देशी पोरांची तबकडी घेणार कोण? बँडचे पोट भरायचे ते हॉटेले आणि डिस्कोथेकवर. तिथल्या गिऱ्हाइकाला परदेशी गाणी हवी असत, आणि तीही जशीच्या तशी. गणपतीत आपल्याकडे येणाऱ्या ऑर्केस्ट्राचेही तेच असते. वाजवणारा कितीही तयारीचा असो, फर्माईश चुकत नाही. रोज रात्री दुसऱ्याचे वाजवणाऱ्याने स्वतःची चाल बांधायची कधी?

अखेर ‘ऑब्सेशन ७७’ ध्वनिमुद्रित झाली ती बँड विस्कटण्याच्या बेतात असताना. म्युझिक इंडियाने ती बाजारात आणली १९८१ साली, तोवर बँड संपलाही होता. त्याच वर्षी नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’ आली. लोकांचे पाय डिस्कोवर थिरकत असताना गिटारचा खरखरीत आवाज ऐकायला थांबतो कोण?

या तबकडीत हेंड्रिक्सचे ‘फॉक्सी लेडी’ आहे, डीप पर्पलचे ‘मेरी लाँग’ही आहे. हे दुसरे गाणे ब्रिटनमधल्या संस्कृतिरक्षकांची टर उडवते. मुंबईच्या श्रोत्याला त्या वादाचे काय सोयरसुतक? पण फर्माईशीची सवय अशी सुटत नाही. स्वतःचा म्हणावा असा आवाज सापडतो तो शीर्षकगीतात. तिथे नील चट्टोपाध्याय यांची गिटार कुणाची नक्कल करत नाही, आणि तेवढ्यासाठी तबकडी ऐकावी.

पण हिलाच बँडचे शिखर समजणे मला पटत नाही. शिखरावर असताना यांची तबकडी कुणी काढलीच नव्हती. या तबकडीतून हाती येते ती उतरणीवरची नोंद. संग्राहकांनी तिला दुर्मीळ ठरवून डोक्यावर घेतले, त्यात वाजवण्याच्या कौतुकाइतकाच वाटा दुर्मीळपणाचाही आहे.

२०११ साली अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीने ती पुन्हा काढली, सोबत बँडची काही अप्रकाशित ध्वनिमुद्रणेही दिली. मोबाईलवर शोधलीत तर आधी शीर्षकगीत ऐका, ‘फॉक्सी लेडी’ नंतर.