एका घरात दोन धर्म

मैत्रिणींनो, नवऱ्याने माळ घातली आणि घरातले मटण बंद झाले, तरी आपल्याकडे महिनाभर धुसफूस चालते. मग नवऱ्याने धर्मच बदलला तर? तोही १८९५ साली, ब्राह्मणाच्या घरात?

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा नुकती पंचविशी ओलांडलेली, पदरी छोटा दत्तू. लोकांनी बोल लावले, माहेरच्यांनी सांभाळले. काही वर्षे ताटातूटच झाली. टिळक मोठे दिलदार, पण भयंकर तापट. रागाच्या भरात घर सोडून जायचे. पैसा हातात टिकायचा नाही, वाणसामानाला निघालेला माणूस रिकाम्या हाताने परत यायचा.

घोडेगावात बचत गटाची बैठक संपल्यावर हा विषय निघाला, तेव्हा एकजण ठसक्यात म्हणाली, "अहो ताई, असल्या माणसाकडे ती परत गेलीच कशाला?"

प्रश्न खराच आहे. पण ती गेली ती मान खाली घालून नव्हे. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, असा त्यांनी नगर जिल्ह्यात संसार मांडला. आपले सोवळे लक्ष्मीबाईंनी सोडले नाही. आणि मला टिळकांचे खरे कौतुक वाटते ते इथे, एवढ्या तापट माणसाने या बाबतीत बायकोवर जबरदस्ती केली नाही. राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआप विचार सुरू झाला. देवाने माणसे केली, मग जाती कोणी केल्या? त्यांनी विटाळ सोडला, आणि १९००मध्ये स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर भांडणे थांबली असे समजू नका हं! धर्म बदलला, स्वभाव तोच राहिला. १९१७मध्ये टिळकांनी देवावर हवाला ठेवून मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. देवावर भरवसा ठेवणे एक, आणि उद्याच्या पिठाचा डबा बघणे एक. घरातली बाई दोन्ही करते. लक्ष्मीबाईंनीही केले.

आपल्याकडे निष्ठा म्हणजे तोंड मिटून सोसणे, असेच मुलींना शिकवतात. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचा. १९३४पासून ते भागाभागाने छापून आले. त्यात नवऱ्याचा राग, विसरभोळेपणा, स्वतःचा हट्ट, भीती, सगळे उघड लिहिले आहे, तेही हसत हसत. नवऱ्याची उणीदुणी चारचौघांत सांगूनही त्याच्यावरची माया कमी होत नाही, हे मला त्या पुस्तकात दिसले.

टिळक १९१९मध्ये गेले. येशूचे चरित्र सांगणारे त्यांचे 'ख्रिस्तायन' जेमतेम दहा अध्यायांवर थांबले होते. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय ओवीबद्ध लिहिले. शेवटी थोडे उरले, ते दत्तूने पूर्ण केले.