दहा पैशांचा हिशेब

जोगेश्वरीला लागून अंधेरी आणि गोरेगाव, थोडे पुढे मालाड. या पट्ट्यातल्या, फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयांमुळे ‘ट्रेनी फंड अकाउंटंट’ हे पद इथल्या बी.कॉम. आणि बीएएफच्या मुलांना परिचयाचे झाले आहे. ‘नुसती डेटा एंट्री’ म्हणून अनेक जण ते कमी लेखतात. पण हे दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब राखण्याचे काम आहे, आणि तसे मानणाऱ्यालाच त्यात पुढे जाता येते. फंडाच्या दिवसभराच्या खरेदी-विक्रीची नोंद घ्यायची, रोखे सांभाळणाऱ्या कस्टोडियनच्या नोंदींशी ती ताळून पाहायची, लाभांश, व्याज आणि खर्च धरायचे, रोख्यांचे मूल्य लावायचे आणि एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे निव्वळ मूल्य, काढायची. समजा, मालमत्ता 500 कोटी रुपये, देणी 2 कोटी रुपये आणि युनिट 10 कोटी, तर एनएव्ही 49.80 रुपये. एक कोटीचा लाभांश धरायचा राहिला, तर ती 10 पैशांनी कमी दिसेल. त्या दिवशी युनिट विकणाऱ्याला कमी पैसे मिळतील आणि नव्याने घेणाऱ्याला जास्त युनिट.

एनएव्हीचा आकडा किती मोलाचा, हे ‘यूएस-64’ने दाखवून दिले. 1964 साली आलेल्या युनिट ट्रस्टच्या या योजनेचे भाव एनएव्हीशी बांधलेले नव्हते. मालमत्तेचे खरे मूल्य आणि जाहीर भाव यांत अंतर पडले आणि जुलै 2001मध्ये खरेदी-विक्री थांबवावी लागली. निवृत्तीची पुंजी तिथे ठेवणारी असंख्य मध्यमवर्गीय घरे हादरली.

आता बरेचसे काम सॉफ्टवेअर करते, मग माणूस कशाला, हा आक्षेप रास्त आहे. नुसते आकडे भरणाऱ्याची गरज खरोखरच घटेल. पण ताळमेळ का बसला नाही, बोनस शेअरची नोंद कुठे चुकली, हे शोधून त्याची जबाबदारी घ्यायला जाणकार लागतोच. रात्रपाळीचा आक्षेपही खरा: अमेरिकी फंडाचे काम असेल, तर न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री दीडला, हिवाळ्यात अडीचला बंद होतो. म्हणून कोणत्या देशाचे फंड, कोणती पाळी, घरी पोचवायला गाडी आहे का, हे मुलाखतीतच विचारावे. सीए करणाऱ्यांनीही हे काम सीएला पर्याय समजू नये. ती वेगळी वाट आहे.

त्यामुळे अर्ज करण्याआधी जमा-नावे, उपार्जित व्याज आणि एक्सेल पक्के करा, एनआयएसएम या संस्थेची सिक्युरिटीज ऑपरेशन्सची परीक्षा द्या आणि एखाद्या फंडाचे वार्षिक हिशेब वाचा. रुजू झाल्यावर प्रत्येक फरकाचे कारण विचारा. कारण कळू लागले, की तुम्ही हिशेबनीस झालात.