बत्ती ‘गुल’ होते म्हणजे काय होते?

वीज गेली, की नांदेड-लातूरकडे हमखास ऐकू येते, “बत्ती गुल!” यातल्या ‘गुल’चा अर्थ काय, असे वर्गात विचारून पाहा. ‘नाहीशी झाली’ असे उत्तर येईल. गुलकंद, गुलमोहर यांतला ‘गुल’ म्हणजे फूल, हेही एखादी मुलगी सांगेल. मग फुलाचा आणि अंधाराचा संबंध काय?

हा संबंध एका विस्मरणात गेलेल्या अवजारातून उलगडतो. त्याचे नाव ‘गुलगीर’. फारसी-उर्दूत ‘गुल’ म्हणजे फूल, तसेच वातीचे जळून कोळसा झालेले टोकही. आपण त्याला काजळी म्हणतो. वातीच्या टोकावरचा तो लाल, धगधगता गोळा फुलासारखाच दिसतो. चिनी भाषेतही त्याला ‘दिव्याचे फूल’ म्हणतात. ‘गीर’ म्हणजे धरणारा, घेणारा. आपल्या ‘दिलगीर’मध्ये तो आहेच. तेव्हा गुलगीर म्हणजे काजळी कापून काढण्याची कात्री. नांदेड-लातूरचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे असे शब्द इथल्या कानांना परके नाहीत.

पण मेणबत्तीला कात्री कशाला? मेणबत्तीत वात नव्हे, तर वातीतून वर चढलेल्या मेणाची वाफ जळते. जुन्या मेणबत्त्यांची वात साध्या पिळाची असे. ती ज्योतीच्या मधोमध ताठ उभी राही. तिथे प्राणवायू फार कमी पोचतो, म्हणून टोक जळून न जाता नुसते कोळसा होऊन वाढत राही. वात लांबली, की मेण जास्त चढे. तेवढ्या वाफेला हवा पुरत नसे आणि न जळलेला कर्ब काजळी होऊन बाहेर पडे. म्हणून वरचेवर ‘गुल’ कापावा लागे.

कापताना हात जरा खाली गेला, की ज्योतच जाई. समईची काजळी काडीने झाडताना आपलेही असेच होते. ‘गुल करणे’ याचा अर्थ ‘काजळी काढणे’वरून ‘विझवणे’ असा सरकला तो इथेच. पुढे वातच नसलेला विजेचा दिवाही ‘गुल’ होऊ लागला!

गंमत म्हणजे इंग्रजीतही हेच घडले. ‘स्नफ’ म्हणजे वातीचे जळके टोक आणि ‘स्नफर्स’ म्हणजे ते कापण्याची कात्री. विझवण्याच्या साधनाला वेगळा शब्द होता, ‘डाउटर’. तो ‘डू आउट’ म्हणजे विझवणे यावरून आला. आज मात्र ज्योतीवर ठेवायच्या टोपीलाच स्नफर म्हणतात. १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते, तिथे भरपूर प्राणवायू मिळून त्याची राख होते. कात्रीचे काम संपले, नाव उरले.

करून पाहा (शिक्षकांनी स्वतः करावे). मेणबत्ती फुंकून विझवा. पांढऱ्या धुराच्या रेषेत, वातीपासून दोन सेंटिमीटरवर पेटती काडी धरा. ज्योत धुरातून उडी मारून वातीवर येते, कारण तो ‘धूर’ म्हणजे मेणाची गार होत चाललेली वाफच आहे. आता मेणबत्ती पुन्हा पेटवून तिच्यावर स्टीलचा पेला पालथा ठेवा. थोड्या वेळाने तो उचलून पाहा. ज्योत गेलेली असेल आणि वाफही खोलीभर पसरली नसेल. मात्र ‘पेल्यातला सगळा प्राणवायू संपला’ असे मुलांना सांगू नका. त्याचे प्रमाण काही मर्यादेखाली गेले, की ज्योत टिकत नाही. बराचसा प्राणवायू तेव्हाही शिल्लक असतो.

शेवटी दिव्यासाठी घरात वापरले जाणारे शब्द मुलांना गोळा करायला सांगा: मालवणे, शांत करणे, काजळी झाडणे. ज्या आज्या समईजवळ बसल्या, त्यांच्याकडे आणखीही असतील. ते आताच विचारून घ्यायला हवेत.